माणदेशी महिला सहकारी बँक : शाखा कशी घडत गेली

माणदेशी बँकेचा इतिहास बहुतेकदा एकाच प्रसंगापाशी येऊन थांबतो : परवाना नाकारला गेला, बायका रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि परवाना मिळाला. प्रसंग मोठा आहे आणि तो पुढे येईलच. पण परवाना एकदा मिळतो, शाखा मात्र रोज चालवावी लागते. सकाळी दोन किल्ल्यांनी तिजोरी उघडायची, रोख मोजून घ्यायची, दिवसभर चलनं नोंदवायची आणि संध्याकाळी शिल्लक जुळल्याशिवाय कुणी घराकडे वळायचं नाही. नागरी सहकारी बँकेच्या शाखांमध्ये उमेदीची वर्षं काढलेला माणूस म्हणून मी या बँकेकडे पाहतो, तेव्हा मला तिची शाखाच सर्वांत मोलाची वाटते. शाखेने कधी उघडावं, कुठे बसावं, काय स्वीकारावं, काय गुप्त ठेवावं हे इथे खातेदार बायकांनी ठरवलं. बँकेने ते ऐकलं आणि हिशेबाची शिस्त न मोडता अमलात आणलं. हा इतिहास त्या अंगाने लिहिला आहे.

म्हसवड हे सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं माणगंगेकाठचं गाव. सिद्धनाथाचं ठाणं आणि मार्गशीर्षातली रथयात्रा यांमुळे ते दूरवर ठाऊक आहे. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ १९४९ मध्ये आलं आणि हा सगळा कोरडा मुलूख मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला. सह्याद्री ओलांडून आलेल्या ढगांत इथवर पोचेपर्यंत फारसं पाणी उरत नाही. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या पुरुष बाहेर पडत आले : कुणी मुंबईला माथाडी म्हणून, कुणी ऊसतोडीला, कुणी सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात थेट परप्रांतात. गावात राहिल्या त्या बायका. शेळ्या, कोंबड्या, रोजंदारी, आठवडी बाजारातली भाजीची पाटी यांवर घर चालवणाऱ्या. हातात रोज पैसा येणाऱ्या, पण बँकेत खातं नसलेल्या.

खातं का नव्हतं, याचं उत्तर नागरी बँकांच्या घडणीतच आहे. विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी १८८९ मध्ये बडोद्यात अन्योन्य सहकारी मंडळी काढली. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि दोनच वर्षांत पुण्यात कॉसमॉस, मुंबईत शामराव विठ्ठल उभ्या राहिल्या. या संस्थांनी मध्यमवर्गाला सावकाराच्या दारातून सोडवलं, हे त्यांचं ऋण कधीही कमी लेखू नये. पण त्यांची शाखा घडली ती पगारदार आणि दुकानदार माणसासाठी. ज्याचं कार्यालय बँकेच्या आसपास आहे, ज्याला मधल्या सुटीत येता येतं, ज्याला स्लिप भरता येते आणि ज्याच्या पगारातून हप्ता कापता येतो, असा खातेदार गृहीत धरून काउंटर, वेळा आणि फॉर्म बेतले गेले. त्यात शेळ्या राखणारी बाई कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती.

चेतना गाला मुंबईत अर्थशास्त्र शिकलेल्या, जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनातून आलेल्या कार्यकर्त्या. विजय सिन्हा यांच्याशी लग्न करून ऐंशीच्या दशकात त्या म्हसवडला राहायला आल्या. त्यांच्या शेजारपाजारातली लोहारकाम करणारी एक बाई रस्त्याकडेला पोराबाळांसह राहत होती. पावसाळ्याआधी पालावर टाकायला चांगला कागद घ्यायचा, म्हणून रोज थोडे पैसे साठवावेत असा तिचा बेत होता. बँकेत गेली तर खातं उघडून मिळालं नाही. रक्कम फारच लहान होती.

नकार देणाऱ्या त्या शाखेची बाजूही सांगायला हवी. पाच-दहा रुपयांचा भरणा आला तरी चलन तेवढंच, लेजरमधली नोंद तेवढीच, रोखपालाचा वेळ तेवढाच. हाताने लिहायच्या काळात एका नोंदीचा खर्च त्या ठेवीवर बँकेला वर्षभरात सुटणाऱ्या व्याजाच्या फरकापेक्षा जास्त व्हायचा. शाखाधिकाऱ्याला वरून लक्ष्य मिळतं ते ठेवींच्या रकमेचं, खात्यांच्या संख्येचं नव्हे. त्यामुळे लहान खातं म्हणजे कामाचा बोजा, हा धडा नव्या अधिकाऱ्याला न शिकवताच येतो. हा हिशेब चुकीचा नव्हता, अपुरा होता. रोज दहा रुपये टाकणारी बाई ते वर्षानुवर्षं टाकत राहते, हे त्यात धरलेलं नव्हतं. आणि अशा हजार बायका एकत्र आल्या तर स्वतःची बँक उभी राहते, हे तर कुणीच धरलं नव्हतं.

बँक काढण्याचा विचार त्या नकारातून आला. काळही अनुकूल होता. मराठे समितीच्या शिफारशींनंतर १९९३ पासून रिझर्व्ह बँकेने नव्या नागरी बँकांबाबतचं धोरण सैल केलं होतं आणि महिला बँकांना भांडवलाच्या अटीत सवलत दिली होती. पुढे २००४ मध्ये नवे परवाने देणं थांबलं. त्या मधल्या दहा-अकरा वर्षांत अनेक बँका निघाल्या. काही राजकीय हौसेपोटी निघाल्या आणि ठेवीदारांना घोर लावून बुडाल्याही. म्हसवडचा अर्ज त्याच काळातला, आणि तो पहिल्या फेरीत नामंजूर झाला. प्रवर्तक सभासदांपैकी अनेकींनी सहीच्या जागी अंगठा उठवला होता. ज्यांना लिहितावाचता येत नाही त्यांच्या बँकेला परवाना कसा द्यायचा, हा रिझर्व्ह बँकेचा सवाल होता.

चेतनाताई निराश होऊन परतल्या. बायका झाल्या नाहीत. शिकू की, म्हणाल्या, आणि दिवसभर रानात राबून आल्यावर साक्षरतेच्या वर्गाला बसू लागल्या. पाच-सहा महिन्यांनी दुसरा अर्ज गेला, तेव्हा पंधरा जणी बरोबर गेल्या. आम्ही लहान होतो तेव्हा गावात शाळा नव्हती, यात आमचा दोष काय, असं त्यांनी अधिकाऱ्यांना विचारलं. आम्हाला वाचता येत नसेल, पण मोजता येतं. कोणत्याही मुदलावरचं व्याज आम्हाला विचारा आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही यंत्राशिवाय करायला सांगा, कोण आधी सांगतं ते बघू. हे आव्हान पोकळ नव्हतं. शेकड्याचा दर, महिने आणि दिवस यांचा तोंडी हिशेब या बायकांना सावकाराच्या व्यवहाराने चोख शिकवला होता.

१९९७ मध्ये बँक सुरू झाली. तेराशेहून अधिक सभासद आणि सात लाखांच्या आसपास भागभांडवल, एवढीच पुंजी होती. सरासरी काढली तर एकीचा वाटा पाचशे रुपयांच्या थोडा वर जातो. त्या काळी शेतमजुरीवर जाणाऱ्या बाईने एवढी रक्कम बाजूला काढणं काय असतं, हे माणदेशात राहिलेल्यांना सांगावं लागत नाही. अहमदाबादला इलाबेन भट्ट यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये चार हजार बायकांनी दहा-दहा रुपये घालून सेवा बँक उभी केली होती, तिथेही अंगठ्याचाच प्रश्न आला होता. ती शहरातल्या कष्टकरी बायकांची बँक. म्हसवडने तेच काम खेड्यात, दुष्काळी पट्ट्यात केलं.

शाखा उघडली आणि पहिली अडचण दिसली. बायका येईनात. बँकेत यायचं म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवायची, आणि दहा-वीस रुपये भरायला तेवढी मजुरी कोण सोडणार? हे सांगितलं खातेदारांनीच. मग बँक त्यांच्याकडे जाऊ लागली. घराच्या ओट्यावर, शेताच्या बांधावर, बाजारातल्या पाटीजवळ प्रतिनिधी जाऊन रक्कम गोळा करू लागल्या. दारात जाऊन रोजची ठेव गोळा करण्याची पद्धत भारतात नवी नव्हती. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये पिग्मी सुरू केली आणि महाराष्ट्रातल्या नागरी बँकांनी, पतसंस्थांनी ती मनापासून उचलली. पण बहुतेक ठिकाणी पिग्मी हा ठेवी वाढवण्याचा जोडमार्ग राहिला. म्हसवडला तोच शाखेचा मुख्य दरवाजा झाला.

इथे शाखा चालवणाऱ्याची खरी परीक्षा लागते, आणि बाहेरच्या माणसाला ती दिसत नाही. दारातली वसुली म्हणजे रोख रक्कम दिवसभर काउंटरच्या बाहेर फिरणार. एका प्रतिनिधीची पिशवी घ्या. तीत वीस घरचे वीस भरणे, बहुतेक दहा-वीस-पन्नासच्या नोटा आणि चिल्लर. प्रत्येकीला जागेवर पावती मिळाली पाहिजे. संध्याकाळी पिशवीतली रक्कम, पावत्यांची बेरीज आणि खात्यांवर पडलेल्या नोंदी या तिन्ही एक आल्या पाहिजेत. एक आज राहिली आणि उद्या करू म्हटलं, की तिथे भगदाड पडलं. राज्यात कितीतरी पतसंस्था या एका ढिलाईने अडचणीत आल्या. प्रतिनिधी ओळखीची, गावातली, तिच्यावर विश्वास, म्हणून पडताळणी सुटते. चांगला शाखाधिकारी न सांगता एखाद्या दिवशी स्वतः बाजारात जातो, चार-पाच जणींची पासबुकं मागतो आणि बँकेतल्या शिल्लकेशी ताडून पाहतो. प्रतिनिधीला याचा राग येऊ नये, कारण तिची अब्रू राखणारी गोष्ट हीच. पुढे हातातलं यंत्र आलं, पावती जागेवर छापून मिळू लागली, नोंद लगेच खात्यावर जाऊ लागली. तरीही समोरासमोरच्या पडताळणीला यंत्राचा पर्याय नाही, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट पासबुकाची. घरी नेलेलं पासबुक नवऱ्याच्या हाती पडलं की शिल्लक कळते, आणि शिल्लक कळली की ती दारूत किंवा देण्याघेण्यात जाते, अशी अनेकींची तक्रार होती. कित्येकींना ते घरी न्यायचंच नव्हतं. बँकेच्या भाषेत ही खातेदाराच्या गुप्ततेची बाब, आणि नियमांच्या पुस्तकात तिच्यावर दोन ओळी असतात. शाखेत मात्र ती रोज पाळावी लागते. नवरा काउंटरवर येऊन बायकोच्या खात्यात किती आहे असं विचारतो, तोही गावातला, ओळखीचा, कदाचित शेजारी. त्याला अदबीने नाही म्हणता येणं ही शाखेतल्या मुलीची नोकरीतली सर्वांत अवघड गोष्ट असते. ते नाही म्हणणं टिकलं म्हणून ठेवी टिकल्या.

कर्जाचा प्रश्न याहून अवघड होता. तारण म्हणून द्यायला बाईच्या नावावर काहीच नव्हतं. जमीन सासऱ्याच्या, घर नवऱ्याच्या नावावर. सोनं होतं ते अंगावरचं. त्यामुळे एकमेकींना जामीन राहणारे गट, सोनेतारण आणि ठेवीची सवय पाहून दिलेलं लहान कर्ज, यांवर सुरुवात झाली. ठेवीची सवय म्हणजे काय, हे शाखेत बसलेल्यालाच कळतं. सलग वर्षभर लहान रक्कम टाकणारी बाई मध्येच आठवडाभर थांबली, तर कारण विचारायला हवं. घरात आजारपण असेल, शेळी मेली असेल, नवऱ्याने काम सोडलं असेल. कर्ज थकायच्या कितीतरी आधी ठेव थांबते. दरम्यान घराच्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लागावं, यासाठी माणदेशीच्या कार्यकर्त्यांनी ‘घर दोघांचं’ ही मोहीम चालवली. शाळेला लांब जाणाऱ्या मुलींच्या सायकलींसाठीही कर्जाची सोय झाली. त्या मुलींपैकी कितीजणी सायकलमुळे दहावीपर्यंत टिकल्या, हे त्यांच्या आयांनाच विचारावं.

आठवडी बाजाराबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण माणदेशीचं निम्मं मर्म तिथे आहे. बाजाराच्या दिवशी पहाटे भाजीवालीला माल उचलायला रोख लागते. ती देणारा माणूस बाजारातच असतो : सकाळी नऊशे हातावर ठेवायचे, संध्याकाळी हजार घ्यायचे. दिवसाला शंभर रुपये ही त्या बाईला व्याज वाटत नाही, धंद्याचा खर्च वाटतो. कारण ते नऊशे नसतील तर त्या दिवशी पाटीच लागणार नाही. या कर्जाशी स्पर्धा करायची तर बँकेला स्वस्त व्याज पुरत नाही, वेळ गाठावी लागते. दोन जामीनदार, सातबारा आणि संचालक मंडळाची पुढची सभा, असं सांगणारी बँक पहाटे पाचच्या गरजेला उपयोगाची नाही. म्हणून बाजारातल्या बायकांसाठी बाजारातच व्यवहार करायची रीत बसली. माल विकला गेला की तिथेच हप्ता आणि तिथेच पुढच्या आठवड्याची सोय. अशा कर्जात थकबाकी कमी राहते, कारण वसुली मालविक्रीच्या जागी आणि विक्रीच्या वेळी होते. हप्त्याची तारीख महिन्याच्या पाचला ठेवणाऱ्या आम्हा नोकरदारांच्या बँकांनी हे फार उशिरा समजून घेतलं.

प्रशिक्षणाची मागणीही बायकांकडूनच आली. नुसतं कर्ज नको, धंदा कसा वाढवायचा तेही सांगा. त्यातून उद्योगिनींची शाळा निघाली आणि पुढे ती बसमध्ये बसवून गावोगाव नेली गेली. माणदेशी तरंग वाहिनी हे समुदाय रेडिओ केंद्रही याच कामातून उभं राहिलं. बँक आणि माणदेशी फाउंडेशन या दोन स्वतंत्र संस्था आहेत आणि त्यांचे हिशेब वेगळे राहतात, हे इथे मुद्दाम नोंदवतो. सामाजिक कामाचा खर्च ठेवीदारांच्या पैशांतून होऊ लागला की सहकारी बँक बुडायला वेळ लागत नाही.

हातातली यंत्रं आणि कार्डं आली तेव्हा गुप्त आकडा लक्षात ठेवण्याची पद्धत बायकांना सांगितली गेली. त्यांना ती पटली नाही. आकडा कुणीही ऐकेल, घरातला मुलगा हेरेल, आम्ही विसरू. अंगठा कोण चोरणार? ज्या अंगठ्यापायी कधीकाळी परवाना अडला होता, त्याचाच ठसा खात्याची चावी करा, अशी सूचना त्यांनी केली आणि ती स्वीकारली गेली. ‘आधार’वर चालणारे व्यवहार देशभर रुळले ते नंतर.

२०१२ चा दुष्काळ मात्र बँकेच्या चौकटीबाहेरचा होता. एक बाई मंगळसूत्र तारण ठेवायला शाखेत आली. कशासाठी, तर जनावरांना वैरण-पाणी घ्यायला. गावात पाणीच उरलं नाही आणि आम्ही सगळे निघून गेलो, तर तुम्ही बँक कुणाबरोबर चालवणार, असं तिने चेतनाताईंना विचारलं. कुठल्याही शाखेच्या कर्जवहीबद्दल इतका नेमका प्रश्न मी ऐकलेला नाही. सोनेतारणाचा आकडा वाढला की मुख्य कार्यालय खूश होतं, कारण ते सर्वांत सुरक्षित कर्ज. पण दुष्काळी तालुक्यात तो एकाएकी वाढला, तर घरातली शेवटची चीज बाहेर पडते आहे, एवढाच त्याचा अर्थ. माणदेशीने म्हसवडला जनावरांची छावणी उघडली. काही महिन्यांत आटोपेल वाटलं होतं, ती दीड वर्षाच्या आसपास चालली. सुमारे ७,००० शेतकरी आणि १४,००० जनावरं तिथे राहिली. जनावर विकावं लागलं नाही, म्हणून पाऊस आल्यावर घर पुन्हा उभं राहिलं, आणि घर उभं राहिलं म्हणून कर्जंही फिटली. पाणी अडवण्याची कामं त्यानंतर हाती घेतली गेली.

या काळात नागरी सहकारी बँकांवर एकामागून एक संकटं आली. २००१ मध्ये माधवपुरा बँक कोसळली. नोटाबंदीत नोव्हेंबर २०१६ मध्ये शाखांसमोर रांगा लागल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र बँकेवर निर्बंध आले आणि लोकांना स्वतःच्याच पैशांसाठी ताटकळावं लागलं. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींचं विमा संरक्षण एक लाखावरून पाच लाखांवर गेलं. त्याच वर्षी बँकिंग कायद्यातल्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचा सहकारी बँकांवरचा अधिकार वाढला. लहान बँकांना हे नियम जाचतात ही तक्रार मी अनेक परिषदांत ऐकली आहे. मला ती अर्धीच मान्य आहे. कागदपत्रांचा भार लहान शाखेला झेपेनासा होतो हे खरं. पण नियम सैल होते तेव्हा पैसे बुडाले ते लहान ठेवीदारांचेच. माणदेशीच्या खातेदार बाईची अख्खी पुंजी विम्याच्या मर्यादेच्या आत बसते, हा तिच्यासाठी मोठा आधार आहे.

जानेवारी २०१८ मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सर्व सहअध्यक्ष महिला होत्या आणि त्यांत चेतना सिन्हा होत्या. तोवर एक लाखाहून अधिक बायकांचे व्यवहार माणदेशीत होत होते आणि म्हसवडबाहेर दहिवडी, वडूज, साताऱ्यापर्यंत शाखा गेल्या होत्या. मान मिळाला त्याचा आनंद सर्वांना झाला. माझ्या मते याहून मोठी गोष्ट ही की, शाखा वाढल्या तरी काउंटरपलीकडे बसणारी मुलगी त्याच मुलखातली राहिली. तिला वैरणीचा भाव कळतो, कोणत्या गावचा बाजार कोणत्या वारी ते ठाऊक असतं आणि आलेल्या बाईला ती मावशी, आत्या म्हणते. तिची बदली करतानाही हे ध्यानात ठेवावं लागतं. तालुक्यातली माणसं ओळखायला नव्या अधिकाऱ्याला वर्ष-दोन वर्षं जातात आणि तेवढ्या काळात वसुली ढिली पडते. आता फोनवरून पैसे जातात, भाजीच्या पाटीवरही क्यूआर कोडचा चौकोन चिकटवलेला दिसतो. त्यामुळे शाखा हव्यात कशाला, असं शहरात विचारलं जातं. मंगळसूत्र घेऊन आलेल्या बाईला ‘कशासाठी?’ असं विचारणारं कुणीतरी समोर असावं लागतं. तेवढ्यासाठी म्हसवडला शाखा हवी, दहिवडीलाही हवी.

पहिल्या वर्षांच्या सभासद आता आज्या झाल्या आहेत. त्यांनी अंगठा उठवलेले भागदाखले, साक्षरतेच्या वर्गातल्या पाट्या-वह्या, हाताने लिहिलेली पासबुकं अजून ट्रंकांमध्ये, कपाटांमध्ये असतील. ज्यांच्या घरी असा एखादा कागद असेल त्यांनी तो जवळच्या शाखेत दाखवावा. शाखेने त्याची प्रत काढून मूळ कागद त्याच दिवशी परत द्यावा आणि त्या आजींचं म्हणणंही ध्वनिमुद्रित करून ठेवावं, अशी वाचकांना आणि संचालक मंडळाला माझी विनंती आहे.